दुकानासमोरची लॅब

कापडदुकानदाराच्या घरी पाहुणे मुलगी बघायला येणार होते, म्हणून मागच्या खोलीला सकाळीच बाहेरून कडी लागली. आत थोरला मुलगा होता. एकेकाळी तो बंद पडलेली घड्याळं चालू करायचा. आता कानात शिव्या घालणाऱ्या आवाजांशी भांडायचा. लोकांसाठी मात्र तो परदेशी नोकरीला होता. झाकली मूठ सव्वा लाखाची, ही त्या घराची नीती. मुठीत जिवंत माणूस गुदमरतोय, याचं सोयरसुतक कुणालाच नव्हतं.

डॉक्टरांनी हात टेकले नव्हते. दोन औषधं पुरेशा डोसात, पुरेसे आठवडे देऊनही आवाज हटले नव्हते. अशा हट्टी स्किझोफ्रेनियासाठी क्लोझापिन असतं, असं त्यांनी समजावलं होतं. त्यानं रक्तातल्या पांढऱ्या पेशी क्वचित धोकादायक रीतीनं घटतात, म्हणून सुरुवातीला दर आठवड्याला रक्त तपासायचं. बापाला भय औषधाचं नव्हतंच. रक्त तपासणारी लॅब त्याच्या दुकानासमोर होती. पोरगा तिथं दर आठवड्याला दिसला, तर पोरीचं लग्न कसं जमणार? आईनं मान डोलावली, आणि निकामी ठरलेल्या जुन्या गोळ्याच चालू राहिल्या.

पाहुण्यांचा चहा अर्धा झाला असताना आतून दार वाजलं. आवाजांना गप्प करा, अशी थोरला कळवळून विनवणी करत होता. बापानं हसत सांगितलं, की भाडेकरू आहे, जरा चक्रम.

मुलीनं ट्रे खाली ठेवला.

"भाडेकरू नाही, माझा दादा आहे. आजारी आहे. त्याच्यासाठी औषध आहे, पण माझं लग्न मोडेल म्हणून हे देत नाहीत. मोडू दे."

बघायला आलेल्या मुलाच्या आईनं पर्स उचलली. चहा टाकून सगळे उठले. त्या दाराकडे कुणी पाहिलंसुद्धा नाही. पोरीच्या आईनं तिला कुळबुडवी म्हटलं. पोरीनं जाऊन कडी काढली.

औषध घ्यायचं का, हे इतक्या वर्षांत दादाला कुणी विचारलं नव्हतं. तिनं विचारलं. सुई फार दुखते का, एवढंच विचारून त्यानं चपला शोधल्या.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन ती त्याला भर बाजारातून लॅबमध्ये घेऊन गेली. शेजारचे दुकानदार माना वर करून बघत होते. समोर गल्ल्यावरून उठून बापानं शटर खाली ओढलं.

"बाबांना मी दिसलो का गं?" दादानं विचारलं.

"दिसलास," ती म्हणाली. "पुढच्या आठवड्यालाही दिसशील."