शेवटच्या वीस पिशव्या

खाणीतून उपसलेल्या दगडांच्या ढिगाऱ्यावर बारा वर्षांपूर्वी झाडं लावली होती. त्यांची गळलेली पानं कुजून खाली खरीखुरी माती होतेय का, या एकाच प्रश्नापायी संशोधक ताई दोन वर्षं तिथं ठाण मांडून बसली होती. तिनं जाळीच्या साठ पिशव्यांत वाळकी पानं तोलून भरली आणि प्रत्येकीला पत्र्याचा बिल्ला अडकवून झाडांखाली खुंट्यांना बांधली. दर तीन महिन्यांनी त्यातल्या पाच उचलायच्या, वजन करायचं, पान किती कुजलं आणि झाडाला किती पोषण परत मिळालं ते बघायचं. उरलेल्या वीस सगळ्यात मोलाच्या, कारण त्याच सगळ्यात जास्त मुरलेल्या.

राखणीला डंपरकाका. तीस वर्षं डंपर चालवून हा ढिगारा त्यांनीच तर ओतलेला.

"हा डोंगर माझाच पोरगा, ताई," ते म्हणायचे. "जरा मठ्ठ निघाला, म्हणून तुमच्या शिकवणीला घातलाय."

ताईची हसून मुरकुंडी वळायची.

आणि एका सोमवारी ती आली, तर झाडांखालची जमीन अगदी लख्ख. साहेब पाहणीला येणार म्हणून काकांनी सगळं झाडून पेटवून दिलं होतं. कोपऱ्यात राखेचा ढीग. पिशव्या? त्याही त्यातच.

समोर चार मजूर उभे होते, पण ताईची जीभ कुठली थांबतेय.

"तीस वर्षं नुसते दगड ओतलेत तुम्ही. माती म्हणजे काय, ते तुम्हाला काय कळणार?"

काकांनी खिशातून एक काळवंडलेला पत्र्याचा बिल्ला काढून तिच्या तळहातावर ठेवला. त्यावर ताईच्याच वळणदार अक्षरात कोरलं होतं: 'कचरा, ४३'.

पहिल्या दिवशी घाईघाईत इंग्रजी तक्त्यातल्या 'litter' शब्दाचा नेहमीचा अर्थ तिनं तसाच उतरवला होता. 'पाचोळा' लिहावं हे सुचलंच नव्हतं.

"वाचूनच आगीत टाकलं हो," काका म्हणाले. "प्रत्येकावरचं वाचलं, एकेक अक्षर जोडून. गेल्या वर्षीच शिकलो ना, नातीकडून."

ताईनं तिथल्या तिथं, त्याच चौघांसमोर माफी मागितली. काका म्हणाले, "असू द्या, चालायचंच." रागावले असते तर बरं झालं असतं, निदान भांडता तरी आलं असतं.

वीस पिशव्यांचे आकडे गेले ते गेलेच. अहवालात तेवढे रकाने कोरे ठेवता येतात. बोललेलं कुठं ठेवायचं?

आठवड्यानं तिनं नव्या पिशव्या भरल्या, बिल्ल्यांवर ठळक 'पाचोळा' लिहिलं. काकांनी पहिला बिल्ला डोळ्यांजवळ नेला. ओठ हलू लागले आणि थांबले. मग त्यांनी तो तिच्यापुढे धरला.

"तुम्हीच वाचून सांगा, ताई. माझ्या वाचण्याचा काही भरवसा नाही."

तिनं वाचलं. त्यांनी दुसरा पुढे केला, मग तिसरा. विसाव्यापर्यंत ती तोच एक शब्द मोठ्यानं वाचत राहिली, आणि काका मान हलवून एकेक पिशवी बांधत गेले.