डोहाचा पहिला पेला

पाहुणे तिकीट काढून डुंबायला यायचे, त्या डोहात वहिनी रोज सकाळी जाळी फिरवून कचरा काढायच्या. पूर्वी जाळीत पानं यायची, फार तर एखादा बेडूक. आता काय, तर केसांची गुंतवळं, फुगलेले कागदाचे लगदे आणि बुळबुळीत पिवळट फेस. शी! हात तीनदा धुतले तरी वास जात नसे, घास तोंडाशी नेववत नसे.

डोहाच्या वरच्या कातळावर दिरानं पाहुण्यांसाठी खोल्या बांधल्या होत्या. खोल्यांतून समुद्र दिसायला हवा, म्हणून खोल्या पुढे आणि संडासाची टाकी मागे, नेमकी डोहात येणाऱ्या झऱ्याच्या डोक्यावर! अक्कल गहाण टाकली होती मेल्यानं.

"भाऊजी, टाकी पाझरतेय. डोह बंद ठेवा," वहिनी रोज सांगायच्या.

"ऐन हंगामात? वहिनी, शेवाळ आहे ते."

"शेवाळाला असला वास?"

"तुमचं नाकच फार नखरेल. मी रोज पितो ना? काही झालं मला?"

सासऱ्यांनीच पाडलेली पद्धत होती ती. फाटक उघडलं की घरच्या माणसानं डोहाचं पाणी पेलाभर पिऊन दाखवायचं, मगच पाहुण्यांनी उतरायचं. सासऱ्यांच्या मागे ते काम दिराकडे आलं होतं. तो पेला बुडवायचा, घटाघट प्यायचा, लोक टाळ्या वाजवायचे. बिचाऱ्याला कळतच नाही, एक दिवस अंथरूण धरेल, असं वहिनींना वाटायचं. बिचारा म्हणे!

त्या दिवशी सुट्ट्या पैशांसाठी त्यांनी तिकीटखिडकीखालचा खण ओढला. आत पाण्याची विकतची बाटली, अर्धी रिकामी. शेजारी तोच पेला, काठोकाठ भरलेला. म्हणजे हा भरल्या पेल्याचं नुसतं बूड डोहात ओलं करून विकतचं पाणी पीत होता! याला सगळं माहीत होतं. फेस बघून आली नव्हती अशी शिसारी त्यांना आली.

तेवढ्यात बाहेरून दिराची हाक आली, "वहिनी, पेला द्या हो! मंडळी थांबलीत."

वहिनी पेला हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. बाहेर मंडळी चुळबुळत होती. काकाच्या मागे मागे फिरणारी वहिनींची सहा वर्षांची लेक ठमी पायरीवर उकिडवी बसली आणि तिनं दोन्ही हातांची ओंजळ पाण्यात घातली.

"काका, आज मी पिते!"

लोक कौतुकानं हसले. कुणी मोबाइल काढला. दीर तिच्यापासून हातभर अंतरावर होता. त्यानं ठमीकडे पाहिलं, मग पाहुण्यांकडे पाहिलं.

"शाब्बास माझी वाघीण!" तो म्हणाला.

वहिनी पेल्यासकट धावल्या, पण ठमीनं ओंजळ संपवली होती. पेला पायरीवर ठेवून त्यांनी तिला उचलून पालथी धरली आणि घशात बोट घातलं. पोर तिथेच, सगळ्यांसमोर ओकली.

"काका... पण... पितो ना," ती हुंदके देत म्हणाली.

वहिनींनी पेल्यात उरलेलं विकतचं पाणी पायरीवर ओतलं. पेला डोहात खोल बुडवला आणि फेसासकट दिराच्या तोंडासमोर धरला.

"घ्या भाऊजी. तुम्ही रोज पिता ना?"

दिरानं तोंडावर हात दाबला आणि तो दोन पावलं मागे सरला. पाहुणे आपापले टॉवेल गोळा करू लागले.