त्रिपोलीत बस्ती नाही

सेहेचाळीस किलो.

झोपाळा काढून धन्यकुमारनं त्याच्या कडीला कारखान्यातला ताणकाटा टांगला होता आणि काट्याला लोखंडी पेटी. दोघांची मिळून चाळीस किलो चालणार होती. त्रिपोलीत ड्राफ्ट्समनची नोकरी, समुद्राकाठी दोन खोल्या, विमान नऊ दिवसांनी. काय काढावं? त्यानं खलबत्ता काढला. बायकोनं, राजमतीनं, तो परत ठेवला.

"आगं, तितं मिक्सर मिळतोय म्हणं," सासू आक्काताई म्हणाली.

"मिक्सर मिळतोय. बस्ती मिळत्या का?"

धन्यकुमारनं आपली जुनी पुस्तकं काढली. पेटी काट्याला गोल फिरत राहिली.

त्रेचाळीस.

राजमतीचा नेम सोळाव्या वर्षीचा. बस्तीत, म्हणजे जैनांच्या देवळात, जाऊन देवाचं दर्शन घेतल्याशिवाय तोंडात पाण्याचा थेंब घालायचा नाही. मुनिमहाराजांपुढं घेतलेला, जन्मभराचा. लग्नाला सहा वर्षं झाली. रोज सकाळी ती विश्रामबागेतून बस्तीला जाऊन यायची, मग चहाचं आधण. धन्यकुमारला वाटायचं, सवय आहे. काहीजण सकाळी फिरायला जातात, तशी. म्हणून कंपनीच्या फॉर्मवर 'खाण्यापिण्याच्या अटी' होत्या, तिथं त्यानं ठसठशीत लिहिलं होतं: नाहीत.

तो फॉर्म तिला आज सापडला. पेटीतच, सतरंजीखाली.

"देवाचा फोटो नेऊया की," तो म्हणाला.

"फोटोला बस्ती म्हणत्यात व्हय रं?" आक्काताई म्हणाली. "ज्येनी नेम दिला त्येनीच सोडवायचा. महाराज उंब्रजला हाईत. उद्या कराडकडं निघणार म्हणं."

उद्या.

पेटी कुणी उचलली नाही.

पहिली एस.टी. बस्ती उघडायच्या आधीची. म्हणजे उपास. म्हणजे पाणीही नाही, आणि महिना मे. राजमती खिडकीशी बसली. उठली. कंडक्टरच्या मागं जाऊन उभी राहिली. महाराज पायी समोरून येणार, गाडी धावत जाणार. चुकले तर? कराड मागं पडलं. झाडं, ऊस, बैलगाडी, झाडं. मग रस्त्याच्या कडेला कमंडलू, मोरपिसांची पिंछी, अनवाणी पाय.

"थांबवा! आवं, थांबवा!"

"हितं स्टॉप न्हाई, बाई."

"माझा हाय."

ती उतरून उलटी पळाली. "नमोस्तु, महाराज," म्हणाली आणि त्यांच्या मागं चालता चालता सगळं सांगितलं: नेम, नोकरी, समुद्र, फॉर्म. महाराजांची चाल जरासुद्धा बदलली नाही.

"मौन हाय, ताई," सोबतचे ब्रह्मचारी म्हणाले. "पौर्णिमेपतोर."

अकरा दिवस. विमान आठ दिवसांवर.

वाटेतल्या एका शाळेत दुपारचा मुक्काम पडला. ती तरीही व्हरांड्यात बसून राहिली. ती निघताना महाराजांनी तिच्याकडे बघून पिंछी उचलली.

"मोकळी केली का मला?"

"आशीर्वाद दिला," ब्रह्मचारी म्हणाले. "सगळ्यास्नी देत्यात. मोकळी केली असं मी कसं म्हणू? दर्शन झालं न्हवं, आता जेवा तरी."

"नेम देवाच्या दर्शनाचा हाय."

चाळीस.

ती घरी पोचली तेव्हा पेटी बरोबर वजनात बसली होती. धन्यकुमार खुशीत दोरी आवळत होता. आक्काताई तांब्या घेऊन धावली.

"दिवस मावळला, आत्या. रात्री पाणीबी घेत न्हाई आपण. आता उद्याच," राजमती म्हणाली आणि दोरी सोडायला लागली. तिची लुगडी बाहेर आली. तिचे डबे. खलबत्ता.

"तिकीट काढलंय, राजमती!"

"नेम तुमच्याही आधीचा हाय. तुमी जावा. पौर्णिमेला मी महाराजांकडं जाते. मोकळी केली तर येते."

"आणि नाही केली तर?"

"तर तुमी या."

तो आईकडं बघायला लागला. आई तांब्याकडं.

एकोणीस.

"एकट्याला वीस चालतं," तो म्हणाला. "एक किलो उरतोय. काय ठेवू?"

सहा वर्षांत त्यानं तिला असं पहिल्यांदा विचारलं होतं. तिनं घरभर नजर फिरवली. मग बत्ता उचलून पेटीत ठेवला. खल तसाच जमिनीवर.

"नुसता बत्ता घेऊन मी तिथं काय करू?"

"वाट बघा."