चौतीस तांबे

आईचा फोन आला तेव्हा मी कॉलेजात प्रॅक्टिकलच्या वह्या तपासत होते.

"पिंपळाची साल सुरकुतलीय," ती म्हणाली. "सुखदेव म्हणतो, झाड गेलं. एक तारखेला त्या जागेवर अभ्यासिकेची शेड सुरू करणार. तू येऊन बघ. मेलं असेल तर तू सांग. त्याच्या तोंडून नाही ऐकायचं मला."

धायरीतल्या आमच्या विहारासमोरचा हा पिंपळ माझ्या वडिलांनी लावला होता. वडील जाऊन सहा वर्षं झाली. रस्ता रुंद होणार म्हणून जानेवारीत क्रेन आणून झाड उचललं आणि विहाराच्या मागच्या मोकळ्या जागेत बसवलं. मी वनस्पतिशास्त्र शिकवते, म्हणून त्या दिवशी सगळं माझ्या देखरेखीखाली झालं. फांद्या छाटल्या, मुळांचा गोळा गोणपाटात बांधला, खड्ड्यात खत-माती भरली. निघताना कुणीतरी विचारलं, "आता आम्ही काय करायचं?" मी म्हणाले, "रोज पाणी घालत जा." आणि परीक्षांच्या कामाला खराडीला निघून आले. दोन महिने फिरकले नाही.

झाड हलवताना मुळांचा बहुतेक भाग जुन्या जागीच राहतो. उरलेल्या मुळांच्या कापलेल्या टोकांवर आधी पेशींचा एक गाठाळ थर धरतो, आणि त्याच्या जरा मागून नवी मुळं फुटतात. त्यासाठी खोडात साठवलेलं अन्न लागतं, ओल लागते आणि हवा लागते. मूळही श्वास घेतं, हे लोकांच्या लक्षात राहत नाही.

रविवारी सकाळी पोचले तेव्हा वंदना नुकतीच संपली होती. लोक बाहेर आले ते हातात तांबे घेऊनच. एकेकाने बुंध्याशी पाणी ओतलं आणि चपला घालून घरी गेला. कुणी हात जोडले नाहीत. मी मोजत होते. चौतीस.

"हे रोज?" मी आईला विचारलं.

"रोज. घरटी एक. टँकर आला नाही त्या दिवशीसुद्धा. शेजारच्या शेफालीने तर भांडी तशीच ठेवली, पण झाडाचं पाणी चुकवलं नाही." तिच्या आवाजात अभिमान होता. "तूच सांगून गेलीस ना."

मी खुरप्याने वीतभर माती उकरली. काळी, चिकट, आणि कुजक्या अंड्यासारखा वास. खालच्या मातीला हवेचा स्पर्श नव्हता. मी सगळ्यांना मिळून एक वाक्य सांगितलं होतं, आणि प्रत्येक घराने ते आपल्याला सांगितलं असं समजून पाळलं होतं.

विहार समितीचे अध्यक्ष सुखदेवकाका तिथेच उभे होते.

"काका, पाणी बंद करावं लागेल. एकदम. मुळं गुदमरताहेत."

"दोन महिने घाला म्हणायचं, आता घालू नका म्हणायचं." काका चष्मा पुसत म्हणाले. "एम.एस्सी. याच विषयात केलंस ना?"

"याच विषयात. आणि चूक माझी आहे. किती पाणी ते मी सांगितलंच नाही."

ते जरा वरमले, पण हटले नाहीत. "हे बघ, अठ्ठावीस मुलं जिन्यात बसून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतात. त्यांची परीक्षा झाडासाठी थांबणार नाही. तुझ्या वडिलांचं झाड आहे हे मला कळतं. एकतीस तारखेपर्यंत बघ. नंतर मला विचारू नकोस."

हातात सतरा दिवस होते. मी नखाने खोडाची साल जराशी खरवडली. आत अजून हिरवट होतं. त्यावरून झाड जिवंत आहे एवढंच कळत होतं. मुळं फुटतील की नाही, ते कळत नव्हतं.

दुपारी आमच्या गल्लीतला रतन आणि त्याचे दोन मित्र पहारी घेऊन आले. बुंध्यापासून लांब गोल चर खणला, त्याला गटाराकडे उतार दिला. पहारीने मातीत भोकं पाडून त्यात वाळू भरली. संध्याकाळपर्यंत चरात गढूळ पाणी झिरपू लागलं. जाताना मी विहाराच्या फळ्यावर लिहिलं : पुढील सूचनेपर्यंत झाडाला एक थेंबही पाणी घालू नये.

फळ्यावर विश्वास नसल्यामुळे आई रोज सकाळी बुंध्याशी प्लॅस्टिकची खुर्ची टाकून बसू लागली. कुणी सवयीने तांबा घेऊन आलंच तर म्हणायची, "घरी ने. चहा कर. मलाही आण." मी रोज फोन करून विचारायचे, वास येतो का? पहिले पाच दिवस येत होता. नवव्या दिवशी ती म्हणाली, "आता मातीला मातीचाच वास येतोय."

एकतीस तारखेला मी सकाळी सातला पोचले. काका आधीच आले होते. हातात मोजपट्टी. मी गुडघ्यांवर बसून बाजूने हातानेच माती बाजूला करू लागले. पहिलं मूळ लागलं ते मऊ होतं. ओढताच साल बाहीसारखी निघून हातात आली. दुसरंही तसंच. काकांनी काहीतरी टोमणा मारला असता तर बरं, असं मला वाटलं. आई खुर्चीतून उठली नव्हती.

तिसरं मूळ अंगठ्याएवढं जाड होतं, आणि टणक. कापलेल्या टोकावर खरबरीत गाठ धरली होती. मी बोटांऐवजी ब्रशने माती झाडली. गाठीच्या मागे पाच पांढरी मुळं निघाली होती. सर्वांत लांब मूळ माझ्या करंगळीएवढं, टोकाशी किंचित पिवळसर. भिंगातून पाहिलं तर टोकामागे बारीक केसांची लव दिसली. पाणी शोषायला सुरुवात झाली होती.

मी बाजूला सरकून काकांना जागा दिली.

"ही बुरशी आहे का?" काकांनी वाकून विचारलं.

"मुळं आहेत. नवीन."

आई आली, बघितलं, आणि माझ्या खांद्यावर चापट मारून म्हणाली, "मग उघडं काय ठेवलंयस? ऊन लागतंय त्यांना. झाक."

मी माती परत लोटली, दाबली नाही. मागे सुखदेवकाका पावलांनी भिंतीकडची जागा मोजत फोनवर गवंड्याला सांगत होते, "शेड लांबट करा. रुंदीला जागा नाही. अहो, नाही म्हणजे नाही, तिथे झाड आहे."