विकतच्या खुणा

"मावशी, माझा खोका द्या ना. सगळे थांबलेत."

मी मान वर केली नाही, चमचे पुसत राहिले. समोर तिसऱ्या तंबूतली चष्मेवाली उभी होती. तिच्या आईने दुकानातून करवून पाठवलेल्या शंभर खुणांचा खोका मीच थोड्या वेळापूर्वी उचलून कोठीत कुलपात घातला होता.

आमच्या शिबिरात शेवटच्या दिवशी खुणांची अदलाबदल होते. दोरा, चिंधी, बटण, हाताला लागेल त्यातून बोटाएवढी वस्तू करायची, तिला पिन लावायची आणि दुसऱ्याच्या खुणेशी बदलायची. नियम दोनच. खूण स्वतः केलेली हवी, आणि कुणी समोर धरलेली खूण नाकारायची नाही. एकोणीस वर्षं मी इथली कोठी सांभाळते आहे, पण यातला एकही नियम मोडलेला कधी पाहिला नव्हता.

आज पाहिला. मुलं त्या चकचकीत खुणांवर तुटून पडली होती, आणि सुतळीच्या गाठींची कासवं करून आणलेली एक पोर हात पुढे करून नुसतीच उभी होती. बोटांना सुतळीचे चरे पडलेले. एकाने तर तिला तोंडावर सांगितलं, "तुझं नको गं." माझं डोकंच फिरलं. शिबिरप्रमुखांकडे गेले, तर ते म्हणतात, "मुलं खूश आहेत ना, मावशी? तुम्ही कशाला मध्ये पडता? तुम्ही आपलं कोठीचं बघा."

बघितलं मग कोठीचं. खोका आत आणि किल्ली कमरेला.

"नाही मिळणार," मी चष्मेवालीला म्हटलं. "दुसऱ्यांनी बोटं झिजवायची आणि तू आयतं मिरवायचं? लाज नाही वाटत?"

तिने चष्मा काढून शर्टाला पुसला. "मी केली होती हो एक. आई म्हणाली, वाकडी झालीय, चारचौघांत दाखवू नकोस. कात्रीपण हातात देत नाही ती."

राग काही गेला नाही. तो आता दुसऱ्या माणसावर होता, एवढंच.

मी सुतळी आणि कात्री काढली, कासववालीला हाक मारली. "हिला शिकव." दोघी पोत्यावर बसल्या. पहिलं कासव उसवलं. दुसऱ्याला एक पाय जास्त आला. "हे तर पळेल!" म्हणत कासववाली खो खो हसली, ते पाच पायांचं कासव आपल्या शर्टाला लावलं आणि स्वतःचं एक तिला दिलं.

दुपारी पालक न्यायला आले. चष्मेवालीच्या आईने गाडीतून उतरल्या उतरल्या लेकीच्या कॉलरकडे बघितलं.

"हे काय गबाळं लावलंयस? मी पाठवलेल्या कुठे गेल्या?" तिने पिन काढली आणि कासव कोठीबाहेरच्या कचऱ्याच्या डब्यात टाकलं. कासववाली तिथेच उभी होती.

मी खोका आणून आईच्या हातात दिला. "या घ्या तुमच्या. तुमच्या लेकीने स्वतः एक केली, ती देऊन ही मिळवली. ही फेकणाऱ्या तुम्ही कोण?"

"आणि तुम्ही कोण?"

"मी कोठीवाली."

शिबिरप्रमुख लांबूनच हात जोडत धावत येत होते. पुढच्या वर्षी मला बोलावणं येणार नाही, हे तेव्हाच कळलं. नाही तर नाही.

चष्मेवालीने बाही वर सारली, डब्यात हात घातला आणि खरकट्यातून कासव बाहेर काढलं. ते शर्टाला पुसून आईसमोरच कॉलरला लावू लागली. पिन दोनदा बोटात रुतली. आईने मदतीला हात पुढे केला, तशी ती मागे सरकली.

"राहू दे. माझं मी लावते."