सभागृहात वर केलेला हात

कापड गिरणीचा बॉयलर फुटल्याच्या दुसऱ्या दिवशी खासदारसाहेब फळांच्या पिशव्या आणि छायाचित्रकार घेऊन इस्पितळात पोहोचले. भाजलेल्या रुग्णांच्या वॉर्डापाशी त्यांना अडवले ते त्यांच्याच थोरल्या बहिणीने. ती तिथली मुख्य परिचारिका होती. छायाचित्रकारांना तिने जिन्यातच थांबवले, फळे बाहेर ठेवायला लावली आणि भावाच्या अंगावर झगा चढवून त्याला एकट्याला आत नेले.

कोपऱ्यातल्या खाटेवर गिरणीतली एक कामगार बाई पडली होती. तोंडाचा थोडा भाग सोडला तर सगळीकडे पट्ट्याच. नवरा उशाशी बसून होता. सरकार मदत जाहीर करणार आहे, असे खासदारांनी त्याला सांगितले. बॉयलर तपासायला पूर्वी सरकारी माणूस यायचा, तो यायचा का बंद झाला, एवढेच त्याने विचारले.

उत्तर खासदारांना माहीत होते. कारखान्यांची तपासणी मालकांनीच करावी, असा कायदा मागच्या अधिवेशनात झाला होता. विधेयक सकाळी बाकावर आले आणि जेवणाच्या सुट्टीआधी मंजूरही झाले. खासदारांनी ते उघडूनसुद्धा पाहिले नव्हते. पक्षाच्या प्रतोदाने खूण केली, त्यांनी हात वर केला आणि चहा प्यायला निघून गेले.

सरकारने नियम बदलला, मी चौकशी लावतो, असे काहीतरी ते पुटपुटले.

बहिणीने त्यांना शेजारच्या औषधांच्या खोलीत ओढले आणि दार लावून घेतले.

"सरकारनं बदलला म्हणालास? सरकारनं फक्त मांडला. बदलला तुम्ही. तू बदललास."

"ताई, आमच्या हातात काय असतं गं? पक्षाचा आदेश असतो."

"काय असतं?" ती म्हणाली. "तुमच्याशिवाय या देशात एक कायदा होत नाही. तुमच्या मंजुरीशिवाय सरकारला तिजोरीला हात लावता येत नाही. मंत्र्याला उभं करून तुम्ही जाब विचारू शकता. विश्वास उडाला तर अख्खं मंत्रिमंडळ घरी बसवू शकता. राज्यघटनेनं हे सगळं तुमच्या हवाली केलंय, आणि तू मला विचारतोस हातात काय असतं? तिथं हात वर केलास, आता इथंही हात वर करतोस?"

विरोधात गेलो तर तिकीट कापतील, असे ते म्हणाले.

"कापू देत! पट्ट्या बदलताना ती बाई किंचाळते, ते ऐकायला थांब जरा. मग मला तिकिटाचं सांग."

खासदार थांबले. त्यांनी ऐकले. मग बाहेर येऊन त्यांनी त्या नवऱ्याला खरे ते सांगितले, की मी या कायद्याला न वाचता मत दिले. नवरा म्हणाला, "साहेब, तुम्ही जा इथून."

बाई वाचली नाही.

पुढच्या अधिवेशनात खासदारांनी मंत्र्यांना भर सभागृहात प्रश्न विचारला. मंत्री गोलमोल बोलले. मग खासदारांनी सरकारी तपासणी पुन्हा सुरू करण्याचे विधेयक स्वतःच मांडले. पक्षाने डोळे वटारले, मित्रांनी बोलणे टाकले. तरी मागच्या बाकांवरून एकेक जण त्यांच्या बाजूला येत गेला आणि अखेर थोडक्या मतांनी विधेयक मंजूर झाले. तिकीट मात्र अपेक्षेप्रमाणे कापले गेले. त्या बाईचा नवरा त्यांच्याशी पुन्हा कधी बोलला नाही, आणि त्याने का बोलावे?

वाचकहो, आपला खासदार आपल्या घरच्या लग्नाला आला होता, हे आपण चार जणांना कौतुकाने सांगतो. सभागृहात आपल्या नावाने त्याने कशाला होकार दिला, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक असते? घटनेने संसदेला दिलेली सत्ता ही आपलीच सत्ता आहे. विधेयक न वाचता ती वापरली जाते तेव्हा माणसे होरपळतात. म्हणून त्याला विचारा, वारंवार विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत त्याच्या दारातून हलू नका.