डोहाच्या गोष्टीचा सोबती

मी एक सोबती-ग्रंथ आहे. ज्याला स्वतःची गोष्ट नसते, दुसऱ्याच्या गोष्टीमागून जो कंदील धरून चालतो, त्याला सोबती म्हणतात.

‘डोहतळीचे राज्य’ ही मुलांची अद्भुत कादंबरीमाला ऐंशीच्या दशकात घरोघरी वाचली जात होती. पाण्याखालचा राजा मुलांना नेतो आणि चंद्रा नावाची मुलगी आपल्या भावाला सोडवायला निघते, एवढे तिचे सूत्र. पाचव्या भागाच्या अखेरीस चंद्रा भर दुपारी डोहाच्या काठी उभी राहते. पाण्यातून आवाज येतो, ‘येशील का?’ ती ‘हो’ म्हणते आणि पाऊल टाकते. सहावा भाग पुढे कित्येक वर्षे निघालाच नाही. त्या पोकळीत आम्ही सोबती जन्मलो. एकाने त्या राज्याचा नकाशा काढला, एकाने नावांचा कोश रचला. मी तिसरा. १९८६ साली छापून निघालो. त्या कल्पित राज्याची मुळे लोककथेत कुठवर जातात, हे दाखवणे माझे काम.

माझे कर्ते दशरथ सर लोकसाहित्याचे अभ्यासक. मूळ कथा त्यांना तलासरी तालुक्यातल्या झरी गावी बायजी नावाच्या म्हातारीने सांगितली. ऐकणाऱ्याने हुंकार भरत राहायचे, हा संकेत सरांना ठाऊक होता. त्यांनी तो इमानाने पाळला. शेवटी बायजीने विचारले, “डोह बोलावतो. जाशील का?” सर सवयीने म्हणाले, “हूं.”

“हूं काय, मास्तर? बुडशील की!” बायजी हसत ओरडली. “इथं नाय म्हणायचं. मोठ्यानं. त्याबिगर गोष्ट उठत नाय, बसून राहते.”

“असं का?”

“आमची आजी सांगायची. का, ते तिला विचार. ती मेली.”

हा प्रसंग सरांनी माझ्या शेवटच्या प्रकरणात तळटीप म्हणून दिला. बायजीच्या कथेत भाऊ परत येत नाही, त्याच्या मागे गेलेली बहीणही येत नाही. मुलांना पाण्यापासून दूर ठेवण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या घातलेले ते कुंपण होते. कादंबरीकाराने त्याच कुंपणाला एक सुंदर दार बसवले. तसे करण्याचा त्याला अधिकार होता. परंतु दार दिसले की कोणीतरी ते ढकलून पाहतेच.

मी डहाणू रोडला, स्टेशनजवळच्या वाचनालयात आलो. ग्रंथपाल लतिकाबाईंना पुस्तके सुचवण्याची फार हौस. “पाचही भाग झाले? मग आता सोबती वाचा,” असे म्हणून त्या प्रथम नकाशा देत, मग कोश, आणि जिज्ञासू मुलाला मी. शैलेश नावाच्या मुलाने मला दुसऱ्याच दिवशी परत आणले. “बाई, यात राक्षस कमी आणि तळटिपाच जास्त!” असे बहुतेकांचे होई. मुले माझी प्रस्तावना वगळत आणि मोठी माणसे प्रस्तावनेपुढे जात नसत.

१९८८ च्या दिवाळीआधी मुक्ता आली. दहा-अकरा वर्षांची, रेल्वेतल्या कारकुनाची मुलगी. नकाशा परत करताना तिचे बोट एका निळ्या ठिपक्यावर थांबले होते. नकाशाकाराने हौसेने तिथे लिहिले होते : ‘हा डोह गंजाडच्या पूर्वेला, टेकडी नदीला टेकते तिथे असावा.’

“बाई,” तिने विचारले, “पाण्याखाली गेल्यावर श्वास कसा घेतात, ते कुठल्या पुस्तकात आहे?”

लतिकाबाई कौतुकाने हसल्या. “अगं, इतकं खोलात जायचंय तुला? मग हे घे.” आणि त्यांनी मला तिच्या हाती दिले.

तिची बोटे थंडगार होती. मागच्या पावसाळ्यात तिचा थोरला भाऊ दर्शन गंजाडला मामाकडे गेला असता पुरात वाहून गेला होता. तो सापडला नव्हता. घरात सगळे एवढेच म्हणत, “दर्शन गेला.” कुठे, ते कोणी सांगत नसे. ते मुक्ताला त्या पाच भागांनी सांगितले होते.

सुट्टीत ती मला घेऊन मामाकडे गेली. मामेबहीण रोशनी तिच्याच वयाची, जिभेची तिखट.

“सुट्टीत पण पुस्तक? मास्तरीण होतेस काय गं?”

“उद्या दुपारी डोहावर येशील?”

“तिकडं कोण नाय जात.”

“मला वाट माहीत आहे. नकाशात आहे.”

दुसऱ्या दिवशी मुक्ता एकटीच निघाली. पुराचा गाळ खडकांवर वाळून त्याचे पापुद्रे सुटले होते. खाली पाणी काळे, अगदी स्थिर. कोणी कान देऊन बसावे तसे. तिने चपला काढल्या आणि देवळाबाहेर ठेवतात तशा नीट शेजारी-शेजारी ठेवल्या. गोष्ट मोठ्याने सांगितली की डोहाचे दार उघडते, असे चौथ्या भागात होते. घोट्याभर पाण्यात उभी राहून तिने माझे शेवटचे प्रकरण उघडले आणि वाचू लागली.

दुसऱ्या वाक्यानंतर मागून आवाज आला, “हूं.”

रोशनी तिच्या मागोमाग आली होती. गोष्ट चालू असताना बोलायचे नसते, म्हणून धापा टाकत ती नुसती हुंकार देत राहिली. मुक्ता थांबली नाही. वाचता वाचता ती पुढे सरकत गेली, पाणी तिच्या गुडघ्यांपर्यंत आले. तळटीप पानाच्या तळाशी होती आणि तिची नजर तिथवर पोचली नव्हती. मला स्वतःचे पान उलटता येत नाही, ओठ हलवता येत नाहीत. तिने शेवटची ओळ वाचली, “डोह बोलावतो. जाशील का?”

“नाय!” रोशनी टेकडी घुमेल इतक्या मोठ्याने ओरडली.

मुक्ता संतापून वळली. “तू का बोललीस? मला ‘हो’ म्हणायचं होतं!”

“इथं नायच म्हणायचं असतं. आई गोष्ट सांगते तेव्हा आम्ही सगळी पोरं म्हणतो. दर्शनदादा तर सगळ्यांच्या आधी म्हणायचा.”

“मग तो का गेला?”

“तो गेला नाय गं,” रोशनी म्हणाली. “पाण्यानं नेला.”

मी मुक्ताच्या हातून निसटलो. रोशनीने एका हाताने तिला धरले, दुसऱ्याने मला बाहेर ओढले. मुक्ता खडकावर बसून रडली. भाऊ गेल्यापासून ती रडलीच नव्हती, हे मला पुढे ती लतिकाबाईंना सांगत होती तेव्हा कळले.

त्यानंतर लतिकाबाईंनी क्रम बदलला. नकाशाआधी त्या मला देत आणि बजावत, “शेवटचं प्रकरण एकट्याने नाही वाचायचं. कोणाला तरी जवळ बसव, हूं म्हणायला.”

आता त्या निवृत्त झाल्या आहेत. १९९५ साली सहावा भाग निघाला. त्यात चंद्रा भावाला घेऊन हसत वर येते. मालेला पुन्हा मागणी आली. नव्या व्यवस्थेत पुस्तके रूप पाहून लावतात. माझी पाने ओल लागून फुगलेली, म्हणून मी खालच्या फळीवर, भिंतीकडे तोंड करून आहे. नकाशा मात्र दर्शनी जागी आहे. काल एका मुलीने तो नेला. नेण्यापूर्वी तिचे बोट त्या निळ्या ठिपक्यावर बराच वेळ थांबले होते. तिने श्वासाबद्दल काही विचारले का, ते मला भिंतीमुळे ऐकू आले नाही.

पुस्तके सुचवणाऱ्यांनो, मूल काय वाचते हे पाहताना ते कोणाला शोधते आहे, हेही विचारा. आणि वाचकहो, इतका वेळ तुम्ही मनातल्या मनात हुंकार भरत माझी गोष्ट ऐकलीत. ती अजून उठलेली नाही, इथेच बसून आहे.

डोह बोलावतो. जाशील का?